तळावरचं जेवणघर

दोन हजार आठ सरता सरता माझ्या नवऱ्याच्या टॉवरचं काम अर्ध्यावर थांबलं. आधी काँक्रीटच्या गाड्या उशिरा यायला लागल्या, मग दिवसाआड, मग आल्याच नाहीत. तो पुण्याचा सिव्हिल इंजिनीअर. दुबईत येऊन आम्हाला सात वर्षं झाली होती, पण आपण काम केलेली एकही इमारत त्याने पूर्ण झालेली पाहिली नव्हती. एका ठिकाणी पाया झाला की कंपनी त्याला दुसऱ्या साइटवर हलवायची. हा टॉवर मात्र तू शेवटपर्यंत करायचास, असं त्याला सांगितलं होतं. म्हणून जरा जास्तच जीव लावला होता त्याने.

एका सकाळी सगळ्यांना अल क्वोजच्या ऑफिसात बोलावलं आणि एकेकाला आत घेतलं. दुपारी तो घरी आला तेव्हा मी कणीक मळत होते. त्याने दारात बूट काढले आणि म्हणाला, "खलास."

"काय खलास?"

"साइट. आणि मीपण."

पुढचे काही महिने तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचा आणि दुपारी परत यायचा. ओळखीतली निम्मी घरं पुण्या-मुंबईला परतली. आम्हीही परतलो असतो, पण तेवढ्यात मला अल ऐनच्या एका भारतीय शाळेत फिजिक्स शिकवायची नोकरी मिळाली. नवऱ्याचा आणि लेकीचा व्हिसा माझ्या नोकरीवर झाला. "आता घरातली स्पॉन्सर तू," तो म्हणाला आणि मला वाकून नमस्कार केला. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला ते फार आवडलं. नंतर कितीतरी दिवस ती मला 'मॅडम स्पॉन्सर' म्हणायची.

अल ऐन म्हणजे बुटक्या घरांचं, खजुरीच्या बागांचं आणि गोल चौकांचं गाव. तिथे उंच इमारती नाहीतच. पहिल्या संध्याकाळी गच्चीवरून सगळीकडे बघून नवरा म्हणाला, "इथे मी काय बांधू?" तो गमतीत बोलला, आणि अंधार पडेपर्यंत गच्चीवरच थांबला.

आमच्या खालच्या मजल्यावर वसईचं एक कुटुंब राहायचं. त्यातले गृहस्थ आधी हॉटेलांत होते आणि आता अफगाणिस्तानात, अमेरिकन सैन्याच्या एका तळावर जेवणाचा कारभार बघायचे. सुटीवर आले की आमच्याकडे शुक्रवारचं जेवण ठरलेलं. अशाच एका शुक्रवारी ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, "अरे, घरी बसून काय करतोस? तिकडे इंजिनीअर मिळत नाहीत त्यांना. कुंपणाच्या आत अमेरिकाच आहे रे. आइस्क्रीमचे सतरा प्रकार."

"आणि कुंपणाच्या बाहेर?" मी विचारलं.

त्यांनी वाटी पुढे ओढली. "बाहेर आपण जात नाही, वहिनी."

त्या दिवशी सोलकढी तशीच राहिली. संध्याकाळी भांडी आवरायला तो माझ्याबरोबर उभा राहिला. मग तो म्हणाला, "मला काम पाहिजे. पैशांसाठी म्हणत नाहीये. तुझ्या पगारात भागतंय. पण मी असाच बसून राहिलो तर बिघडेन." तो बिघडायला लागला होता, हे मलाही दिसत होतं. मी 'जा' म्हटलं नाही, 'जाऊ नको'ही म्हटलं नाही.

सासूबाईंपासून लपवायचं नाही, असं आमचं ठरलं. त्या पुण्यात एकट्या राहायच्या, निवृत्त शिक्षिका. फोनवर सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "लढाई अमेरिकेची. मग तू का जायचंस?"

"आई, मी लढायला नाही जात. त्यांना बसून जेवता यावं म्हणून हॉल बांधायला जातोय."

"लढणाऱ्याला जेवण लागतंच. म्हणजे लढाईतलंच काम झालं ते." त्यांनी गावाचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "तिकडे थंडी असेल. स्वेटर ने."

वसईच्या शेजाऱ्यांनीच आम्हाला दुबईच्या टर्मिनल दोनवर सोडलं. युरोपला जाणाऱ्या झगमगीत टर्मिनलपेक्षा हे वेगळंच ठिकाण होतं. रांगेत दंडावर गोंदलेले, पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेतलेले अमेरिकन, त्यांच्या मागे नेपाळी, फिलिपिनो आणि आपली माणसं. गावच्या एसटीची वाट बघत असल्यासारखे सगळे शांत उभे होते. विमानांच्या पाटीवर काबूल, बगदाद अशी नावं मस्कतच्या ओळीतच लागलेली. लेकीने बाबाला विचारलं, "विल यू सी सोल्जर्स?" तो म्हणाला, "दिसतील की. जेवायला येतील ना आमच्याकडे."

दर तीन-चार महिन्यांनी तो सुटीवर यायचा. मधल्या काळात फोन. मी गाडी शिकले. अल ऐनमध्ये गाडीशिवाय माणूस पांगळाच. परीक्षक बाई फक्त "राइट, मॅडम. लेफ्ट, मॅडम. फेल, मॅडम," एवढंच बोलायची. अखेर एकदा "पास" म्हणाली, तेव्हा मी तिला मिठीच मारली.

नवऱ्याचा फोन यायचा तो तळावरच्या मोठ्या जेवणघराबद्दल बोलायलाच, असं वाटावं. हजारभर सैनिक एका वेळी बसतील असा हॉल. पाया, लोखंडी सांगाडा, छप्पर, भोवती काँक्रीटच्या उंच भिंती. त्याच्या बोलण्यात दोन माणसं सारखी यायची. एक त्याचा अमेरिकन साहेब, सैन्यातून निवृत्त झालेला अवाढव्य म्हातारा, जो प्रत्येक कामाला आधी "नो" म्हणायचा आणि मग ते करू द्यायचा. दुसरा त्याचा अफगाण सर्व्हेअर, जागेची मोजणी-आखणी करणारा. या मुलाचं बालपण पेशावरला निर्वासितांच्या छावणीत गेलं होतं. त्यामुळे तो उर्दू बोलायचा आणि नवऱ्याचं हिंदी त्याला कळायचं. "असा सर्व्हेअर मला दुबईत मिळाला नाही," नवरा म्हणायचा. "एका मिलिमीटरसाठी माझ्याशी भांडतो."

कधीकधी बोलता बोलता मागे भोंगा वाजायचा आणि ध्वनिक्षेपकावर एक बाई इंग्रजीत काहीतरी घाईने सांगायची. "ठेवतो," म्हणून तो फोन बंद करायचा. लेकीने विचारलं की सांगायचा, "फायर ड्रिल, पिल्लू." काही आठवड्यांनी लेक मला म्हणाली, "आई, दे हॅव टू मेनी फायर ड्रिल्स." मी तिच्याकडे बघितलं. तिला समजलं होतं आणि मला समजलंय हेही तिला समजलं होतं. आम्ही दोघी मग टीव्हीवरच्या बातम्या लावेनाशा झालो.

दुसऱ्या वर्षीच्या वसंतात, मी दहावीला प्रकाशाचं अपवर्तन शिकवत असताना पर्समध्ये फोन थरथरायला लागला. अनोळखी नंबर. वर्गात फोन घ्यायची परवानगी नसते, पण मी घेतला.

"भाभी, घबराइए मत. मैं सर का सर्व्हेअर बोल रहा हूँ. सर ठीक हैं."

कुणी सुरुवातीलाच 'ठीक आहे' म्हणालं की काहीतरी झालेलं असतं. मी फोन घेऊन वर्गाबाहेर आले. तो सावकाश, एकेक शब्द तोलून सांगत होता. साइटजवळ रॉकेट पडलं होतं. दोघे बंकरकडे पळत होते. नवरा पडला. खांद्याचं हाड मोडलंय, कानातून रक्त आलं, पण शुद्धीवर आहे, अमेरिकन डॉक्टर बघतोय. "उन्होंने ही कहा, भाभी को तुम फोन करो, मेरी आवाज़ सुनेगी तो डर जाएगी."

"और तुम?" मी विचारलं. "तुम्हें लगा?"

तो थोडा गोंधळला. बहुधा कुणी त्याला हे विचारलं नव्हतं. "थोड़ा सा, भाभी. पैर में. कुछ नहीं."

नंतर नवऱ्याकडून कळलं की हाच मुलगा बंकरच्या दारातून परत फिरला होता आणि नवऱ्याला बखोटीला धरून ओढत आत घेऊन गेला होता. पायात घुसलेला पत्र्याचा तुकडा त्याने आत गेल्यावरच पाहिला.

नवरा अल ऐनला आला तो एक हात गळ्यात अडकवून. इथल्या हॉस्पिटलात कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता. तो कान पुढे कधी नीट झाला नाही. जेवायला बसल्यावर तो उजवी बाजू आमच्याकडे करून बसायला लागला. सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांनी मुलाला काही विचारलं नाही. रोज त्याच्या खांद्याला तेल चोळायच्या, एवढंच.

मला वाटलं, संपलं आता. खांदा बरा झाला आणि तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात जातो."

मी त्याच्यावर आयुष्यात इतकी ओरडले नव्हते. सासूबाई लेकीला घेऊन खाली बागेत गेल्या. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी दमल्यावर म्हणाला, "छप्पर राहिलंय. इतकी वर्षं मी अर्धीच कामं केली. हे पुरं होतंय. मला त्या हॉलमध्ये माणसं जेवताना बघायची आहेत."

"ते कुठले कोण! उद्या त्यातले किती परत येतील जेवायला, ते तरी माहितीये का तुला?"

"नाही माहीत," तो म्हणाला. "पण आज जेवतील ना."

मला ते पटलं नाही. आजही पटलंय असं म्हणवत नाही. पण एवढं कळलं की हा माणूस घरी राहिला तर त्या छपरापाशीच राहील. मी त्याची बॅग भरली.

नोव्हेंबरात, अमेरिकन लोकांच्या कुठल्याशा सणाला तो हॉल उघडला. त्याने फोटो पाठवला. लांबच लांब टेबलं, कागदी झिरमिळ्या, भाजलेल्या टर्की, आणि एका कोपऱ्यात माझा नवरा, सर्व्हेअर आणि म्हातारा साहेब. तिघेही कॅमेऱ्याकडे न बघता छपराकडे बघतायत. त्यानंतरच्या फोनवर तो जरा वेगळ्या आवाजात बोलला. आदल्या दिवशी गस्तीवर गेलेले काही सैनिक परतले नव्हते. "आज हॉल भरलेला होता, पण कुणी बोलत नव्हतं," तो म्हणाला. "फक्त चमचे वाजत होते."

आणखी तीनेक वर्षं तो तिथे होता. मग अमेरिकनांनी सैन्य कमी करायला घेतलं. तळ आटोपते घेण्याची कामं निघाली आणि एक दिवस म्हाताऱ्या साहेबाने माझ्या नवऱ्याला त्याचाच हॉल पाडायला सांगितला. यावेळी आधी "नो" म्हणायची पाळी नवऱ्याची होती. साहेब म्हणाला, "मलाही आवडत नाहीये. पण वरून आलंय."

सर्व्हेअर काही काळ बाहेरच्या कामांवर होता, तो पाडकामासाठी परत आला. ज्या खुणांवरून त्याने हॉलचे चार कोपरे आखले होते, त्या त्यानेच उकरून काढल्या. "बांधायला वर्ष लागलं होतं," नवरा घरी आल्यावर म्हणाला, "पाडायला महिनाही लागला नाही. पत्रे कुणीतरी लिलावात नेले." आम्ही चहा पीत होतो. कप खाली ठेवून तो म्हणाला, "निघताना पोराने विचारलं, सर, आप लोग तो चले जाओगे, हम कहाँ जाएँगे? मी त्याला माझं स्वेटर दिलं."

त्यानंतर तो परत गेला नाही. अल ऐनमध्येच एका लहान कन्सल्टंटकडे लागला. शाळांची छतं, बंगल्यांच्या भिंतींतल्या भेगा, मशिदीच्या अंगणातली फरशी. कामं छोटी, पण सगळी पुरी होणारी. लेक मोठी झाली, शिकायला पुण्याला गेली. ईदला आणि दिवाळीला सर्व्हेअरचा मेसेज यायचा. त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. काबूलमध्ये तो रस्त्यांच्या कामावर होता. आमचं सगळ्यांचं बरं चाललं होतं.

दोन हजार एकवीसच्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं. शाळेला सुटी होती. आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो होतो. कधीकाळी जी बातमी बघायची टाळली, तीच आता हलता न येता बघत होतो. विमानतळाच्या भिंतीशी माणसांचा लोंढा होता. फोन वाजला. तोच होता. अमेरिकेचा व्हिसा त्याने पूर्वीच मागितला होता. पण 'हा माणूस आमच्याकडे कामाला होता' असं सांगायला कुणी उरलं नव्हतं. कंपनी बंद झाली होती. "सर, बस एक अमेरिकन चाहिए जो बोल दे कि मैं था."

नवऱ्याने म्हाताऱ्या साहेबाला शोधायला घेतलं. खालच्या मजल्यावरचे शेजारी तोवर वसईला परत गेले होते. त्यांना फोन केला, त्यांनी आणखी कुणाला केला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबाचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात स्पीकरवर घुमला. नवऱ्याचं बोलणं पुरं व्हायच्या आतच तो म्हणाला, "अर्थात सांगणार. आठवडाभर मी हेच करतोय. झोपलेलो नाही. अजून कोण राहिलंय, तेही सांग." तो अमेरिकेतल्या कुठल्याशा लहान गावात होता, बायको गेलेली, गुडघे बदललेले. फोन ठेवताना त्याने विचारलं, "तुझा कान कसा आहे?"

सर्व्हेअर, त्याची पोटुशी बायको आणि मुलगा गर्दीतून कसे आत पोहोचले, ते त्याने पुढेही धड सांगितलं नाही. कळलं ते एवढंच, की विमान अबुधाबीला उतरलं आणि त्यांना तिथल्या एका वसाहतीत ठेवलं. अमेरिका बोलावील तेव्हा पुढे जायचं. अबुधाबी म्हणजे आमच्यापासून दीड तासाचा रस्ता. इतकी वर्षं फोनवरचा आवाज असलेला माणूस आता माझ्याच देशात होता. हा देश माझा नव्हे, पण मी तसंच म्हणते.

आम्ही गाडी काढून गेलो. फाटकावरच्या माणसाने अदबीने सांगितलं की बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. मग आम्ही रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसून त्याला फोन केला. तो म्हणाला, "मेरी खिड़की से सड़क नहीं दिखती, भाभी. लेकिन आप आए, बहुत है." महिन्यांमागून महिने गेले. खायला-प्यायला, औषधपाण्याला कमी नव्हतं, तो स्वतः तसं सांगायचा. पण पुढचं बोलावणं येत नव्हतं. "कब?" विचारलं की तो म्हणायचा, "इन्शाल्ला."

थंडीत त्याची बायको बाळंत झाली. मुलगी. हॉस्पिटलात भेटता येण्यासारखं होतं. मी रात्रीच्या जेवणाआधी अळीव भिजत घातले, नारळ खोवला. माझ्या लेकीच्या वेळी माझ्या आईने केले तसे लाडू वळले. सकाळी पीसीआरचे रिपोर्ट घेऊन, मास्क लावून आम्ही निघालो.

त्यांच्यासोबतच्या पहारेकऱ्याने आमच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "टेन मिनिट्स," म्हणाला आणि हाताने आत जायची खूण केली. "यल्ला."

दार उघडलं. मी कल्पनेत वीस-बावीस वर्षांचा मुलगा धरून बसले होते. समोर दाढी पिकायला लागलेला, किंचित लंगडणारा माणूस होता. नवऱ्याने त्याला मिठीत घेतलं. मग बोलायची वेळ आली तेव्हा तो न विचारता नवऱ्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला.

त्याची बायको पलंगावर टेकून बसली होती. तिला हिंदी येत नव्हतं. मी लाडू हातावर ठेवून खायची खूण केली. केरळची नर्स आत आली, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणाली, मग डब्यात वाकून पाहत विचारलं, "डिलिव्हरी के लिए?" मी मान हलवली. ती म्हणाली, "मैं आफ्टर टेन मिनिट्स आएगी," आणि गेली. बाळाच्या आईने दोन लाडू खाल्ले आणि तिसरा मुलाला दिला.

"हॉल का फोटो है तुम्हारे पास?" नवऱ्याने विचारलं.

"सब जला दिया, सर. आँगन में. जिस रात वो शहर में आए." तो बाळाकडे बघत होता. "बाकी का कुछ नहीं लगा. छत वाला फोटो जलाते वक़्त बुरा लगा."

नवऱ्याने आपल्या फोनमध्ये तो फोटो शोधला आणि त्याला दाखवला. पाठवू का, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "अभी नहीं. वहाँ पहुँच के माँगूँगा." पहारेकऱ्याने दार वाजवलं. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. त्याला आईजवळ देताना मी मराठीतच म्हटलं, "सुखी राहा गं." तिने मान डोलावली.

ते गेले दोन हजार तेवीसच्या सुरुवातीला. म्हातारा साहेब विमानतळावर घ्यायला आला होता, हातात काठी आणि थंडीचे कोट. पहिले काही महिने त्यांनी त्याच्याच घरी काढले. मग सर्व्हेअरला कोंबड्या साफ करायच्या कारखान्यात काम मिळालं. तिथल्या गारठ्याने त्याचा पाय दुखायचा. तक्रार करायचा नाही, पण फोन लवकर ठेवायचा. त्याने फोटो मागितला नाही आणि आम्हीही आठवण केली नाही. आई-वडील काबूललाच राहिले होते. त्यांतले वडील गेले, तेव्हा तो कामावर होता.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी आम्ही खायला बसलो असताना त्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. अंगात पिवळं जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, मागे खणलेला रस्ता. गावातल्या रस्त्याच्या कंपनीने त्याला घेतलं होतं, सर्व्हेअरचा मदतनीस म्हणून. पहिलाच दिवस होता. शेजारी तिपाईवर उंच-सखल मोजायची लेव्हल लावलेली होती, ती त्याने कॅमेरा फिरवून दाखवली. गाडीतून त्याची मुलगी ओरडत होती, "बाबा, कम ऑन, आय एम हंग्री!"

नवऱ्याने उजवा कान फोनला लावला, मग लक्षात आल्यावर फोन पुन्हा समोर धरला. अभिनंदन वगैरे काही म्हणाला नाही. मोजणी कुठल्या पक्क्या खुणेपासून धरली, तेच थेट विचारलं, "बेंचमार्क कहाँ लिया?"

"चर्च की सीढ़ी पे, सर."

"सीढ़ी हिलती तो नहीं?"

"चेक किया, सर. दो बार."

नवऱ्याने मान डोलावली, आणि मग दोघे रस्त्याच्या उताराबद्दल बोलत बसले. माझे पोहे गार झाले.